अमरावतीच्या अलीकडे

पुण्यात कुणी विचारलं, ‘तुम्ही कुठले?’ की बडनेऱ्याचा माणूस ‘अमरावतीचा’ म्हणून मोकळा होतो. मुंबईत विचारलं तर ‘अमरावती, नागपूरच्या अलीकडे’ असं म्हणतो. दिल्लीपलीकडे कुठे विचारलं तर तो सरळ नागपूरचाच होतो, आणि संत्र्यांवर दोन वाक्यंही बोलतो. ‘मी बडनेऱ्याचा’ हे वाक्य त्याच्या तोंडून फक्त रात्री अकरा वाजता राजकमल चौकात निघतं, तेही शेवटच्या ऑटोवाल्यापुढे, आणि जरा अजीजीनं.

अमरावतीकराला याची मजा वाटते. पण त्याचीही गत वेगळी नाही. पुण्याच्या सोसायटीत ‘तुम्ही नागपूरसाइडचे का?’ असा प्रश्न आला की अमरावतीकर पेटतो. नागपूर आमच्यापासून दीडशे किलोमीटर! आमचा महसूल विभाग वेगळा, विद्यापीठ वेगळं, अंबादेवी वेगळी, बोलीसुद्धा वेगळी! समोरचा पुणेकर हे सगळं शांतपणे ऐकतो आणि म्हणतो, ‘हो, म्हणजे तिकडचेच ना?’ त्या रात्री अमरावतीकराला जेवण जात नाही. आणि हाच गृहस्थ गावी परतल्यावर आम्हा बडनेरेकरांना म्हणतो, ‘तुमचं काय बाप्पा, तुम्ही तं स्टेशनवरचेच!’

गावाचं हे असं कधीपासून झालं याचा शोध घेतला तर प्रकरण पार निजामशाहीत जातं. इंग्रजांच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये गावाचं नाव ‘बडनेरा बीबी’ असंही दिलं आहे. अहमदनगरच्या एका शहजादीचं लग्न वऱ्हाडच्या राजघराण्यात झालं तेव्हा हे गाव तिच्या आंदणात होतं म्हणे. आंदणाच्या यादीत हत्ती, घोडे, दागदागिने, आणि शेवटी कुठेतरी बडनेरा. तेव्हापासून आमचं गाव कुणाच्या ना कुणाच्या नावावर चढलेलं आहे. पुढे १८२२ मध्ये राजाराम सुभ्यानं ते लुटलं. जुन्या वस्तीतले म्हातारे हे सांगताना दुःखी दिसत नाहीत. गावात लुटण्यासारखं काहीतरी होतं याचा तो एकमेव लेखी पुरावा आहे.

खरी गंमत केली ती रेल्वेनं. त्याआधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून पाचशे मैल चालत गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा आणि तिथून नावेनं कलकत्त्याला. १८४२ मध्ये एकाच व्यापाऱ्यानं लाखभर बैल कापूस लादून त्या वाटेला लावले होते असं सांगतात. एक लाख बैल! आज इर्विन चौकात एक बैल आडवा बसला तरी शहराचा श्वास अडकतो. पुढे १८५३ मध्ये निजामाकडच्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं, १८६१ मध्ये तिकडे अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि साता समुद्रापलीकडच्या त्या लोकांना अचानक आमच्या काळ्या मातीबद्दल फार जिव्हाळा वाटू लागला. जीआयपी रेल्वेची लाइन भुसावळहून निघाली ती अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला भिडली. कापसाची पेठ अमरावती. ती राहिली सहा मैल बाजूला.

लाइन अशी का गेली यावर गावात जितके पार तितकी मतं आहेत. माझं मत साधं आहे. रेल्वेला मुंबई बंदर गाठायचं होतं, तिथून कापसाला लिव्हरपूल, आणि लिव्हरपूलहून मँचेस्टर. अमरावतीच्या माणसांना कुठे जायचंय हे कुणी विचारलंच नाही. विचारलं ते कापसाला. आणि कापसाची काही तक्रार नव्हती. पेठेच्या सोयीसाठी १८७० च्या सुमारास बडनेरा ते अमरावती असा एक फाटा टाकून दिला. खामगावलाही तसाच जलंबहून दिला. तेव्हापासून अमरावतीचं स्टेशन हे रुळांचं शेवटचं टोक आहे. तिथे गाडी येते, दम खाते आणि आल्या पावली परत बडनेऱ्याला येते. पुढे जायचं तर आमच्याकडे यावंच लागतं.

आता मँचेस्टरचं नाव निघालंच आहे तर तिकडची हकिकत सांगतो. आमच्या नात्यातला एक मुलगा मँचेस्टरला असतो. निदान त्याची आई तसं सांगते. खोदून विचारल्यावर कळलं की पोरगा नोकरी मँचेस्टरला करतो आणि राहतो सेल नावाच्या गावात. मँचेस्टरपासून पाच मैल. गावात बागा, शाळा, विटांची घरं, रविवारी गाड्या धुणारे लोक. सकाळी सगळं गाव ट्रामनं मँचेस्टरला जातं आणि संध्याकाळी परत येतं. मी म्हटलं, अरे, हे तर बडनेरा! तो थोडा गप्प झाला. त्याच्या आईनं नंतर माझ्याशी चार दिवस बोलणं सोडलं.

पण मुद्दा खराच होता. १८४९ मध्ये मँचेस्टरहून सेलवरून आल्ट्रिंगमपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि गिरण्यांच्या धुराला कंटाळलेले व्यापारी या गावांत राहायला आले. म्हणजे आमचा कापूस बडनेऱ्याहून सुटायचा, तिकडे त्याचं सूत आणि कापड व्हायचं, आणि त्याच्या पैशावर शेठलोक संध्याकाळच्या गाडीनं सेलला जाऊन बागेत चहा प्यायचे. सेलचा बंगला आणि बडनेऱ्याचं स्टेशन ही एकाच गाठोड्याची दोन टोकं होती. एका टोकाला गुलाब लागले, दुसऱ्या टोकाला ऑटोस्टँड.

पुढची कथा ऐका. सेल हे मूळचं चेशायर परगण्यातलं. १९७४ मध्ये ते ट्रॅफर्ड नावाच्या नव्या महानगरी कारभारात घातलं आणि बृहन् मँचेस्टरला जोडलं. आज पन्नास वर्षं उलटली तरी तिथले लोक पत्त्यात ऐटीत ‘चेशायर’ लिहितात. आमचा मुलगाही लिहितो. त्याचा पत्ता चेशायर, कर ट्रॅफर्डला, नोकरी मँचेस्टरला, आणि वऱ्हाडात त्याच्या आईच्या तोंडी फक्त ‘लंडनकडे’. सेलमध्ये जेम्स जूल नावाचे मोठे शास्त्रज्ञ राहायचे. तिथेच ते १८८९ मध्ये वारले. त्यांचा अर्धपुतळा तिथल्या बागेत आहे. घरचा धंदा बिअरचा, पण या माणसानं आयुष्य घालवलं ते पाण्यात रवीसारखा पंखा फिरवून पाणी किती तापतं ते मोजण्यात. लग्नानंतरच्या सहलीतही धबधब्याच्या वरचं आणि खालचं पाणी मोजायला थर्मामीटर घेऊन गेले होते अशी गोष्ट सांगतात. मला त्यांच्याविषयी आदर आहे, पण दयाही येते. मे महिन्यात हे गृहस्थ अकोल्याला आले असते, सत्तेचाळीस अंशांत गच्चीवरच्या टाकीचा नळ उघडला असता, तर काहीही न ढवळता हात पोळून घेऊन सुखानं घरी गेले असते.

सेलचं जे १९७४ मध्ये झालं ते आमचं १९८३ मध्ये झालं. अमरावती आणि बडनेरा या दोन नगरपालिका आणि आजूबाजूची काही गावं एकत्र करून अमरावती महानगरपालिका झाली. तारीख १५ ऑगस्ट. सगळा देश स्वातंत्र्यदिन साजरा करत असताना बडनेऱ्याचं स्वतंत्र अस्तित्व संपलं, आणि त्याची मिठाईही वाटून झाली. फरक इतकाच की सेलचे लोक जुना पत्ता अभिमानानं लिहितात आणि आम्ही नवा. आमच्या पाट्यांवर, लेटरहेडवर, डॉक्टरांच्या फायलीवर, सगळीकडे अमरावती. घात करतो तो पिनकोड. अमरावतीचे पिन ४४४६ नं सुरू होतात आणि आमचा निघतो ४४४७०१. तिकडची मंडळी तेवढा एक आकडा बघतात आणि ‘अच्छा, बडनेरा’ म्हणतात. डाकखात्याला महानगरपालिका झाल्याचं कुणी कळवलंच नाही की काय, कोण जाणे.

याचा सूड मात्र आम्ही विधानसभेत घेतला आहे. मतदारसंघाचं नाव बडनेरा, आणि त्यात अमरावती शहराचा बराच भाग येतो. ज्यांनी जन्मात कधी बडनेऱ्यात चहा घेतला नाही, असे बंगलेवाले दर पाच वर्षांनी ओळीत उभे राहून बडनेऱ्याचा आमदार निवडतात. त्या एका दिवशी बोटाला शाई लागते आणि अमरावतीकर बडनेरेकर होतो. दुसऱ्या दिवशी तो शाई घासत बसतो.

विमानतळाचीही तीच तऱ्हा. बेलोरा आमच्या दाराशी. २०२५ च्या एप्रिलात तिथून मुंबईचं विमान उडालं, आणि पाटी लागली ‘अमरावती विमानतळ’. कागदावर रेल्वे, विमान, अभियांत्रिकी महाविद्यालय सगळं अमरावतीचं. बडनेऱ्याचं एवढंच, की ते सगळं बडनेऱ्यात आहे.

आता गावात शिरू. बडनेरा म्हणजे खरं तर दोन गावं. रुळांच्या एका बाजूला जुनी वस्ती, दुसऱ्या बाजूला नवी वस्ती. नव्या वस्तीचा माणूस जुन्या वस्तीविषयी अगदी त्याच सुरात बोलतो ज्या सुरात अमरावतीकर बडनेऱ्याविषयी बोलतो. ‘तिकडं पलीकडं’ म्हणतो. जणू मधे रूळ नाही, वैतरणी आहे. जुन्या वस्तीचं उत्तर तयार असतं. ‘अबे, आमी इथं शहजादीच्या लग्नापासून हाओत. तुमी तं रेल्वेसंगं आले!’

नव्या वस्तीच्याही पुढे बडनेरा रोडनं जे काही उगवलं आहे त्याला लेआउट म्हणतात. निवृत्त मास्तर, रेल्वेचे गार्ड, एसटीचे वाहतूक नियंत्रक यांनी फंडाच्या पैशातून बांधलेली घरं, गेटवर ‘मातृछाया’, आत कुंडीत तुळस, बाहेर साखळीला बांधलेला कुत्रा, आणि त्या कुत्र्याला घाबरून आत येत नसलेला पेपरवाला. प्लॉटच्या जाहिराती वाचाव्यात. ‘रोड टच’, ‘हायवे टच’, ‘एअरपोर्ट टच’. वऱ्हाडातला कुठलाही प्लॉट कशाला तरी टेकलेला असतोच. जाहिरातीत सगळ्या गोष्टी पाच मिनिटांवर असतात. स्टेशन पाच मिनिटं, शाळा पाच मिनिटं, अमरावती पाच मिनिटं. ही पाच मिनिटं कोणत्या वाहनानं आणि कोणत्या शतकात, ते विचारायचं नसतं. आधी राजापेठ, मग साईनगर, मग सातुर्णा असं करत करत अमरावती आमच्याकडे सरकत आली, आणि आता दोन गावांच्या मधे मोकळं शेत उरलेलं नाही. त्यामुळे बडनेरा नक्की कुठे सुरू होतं हा प्रश्न पडतो. माझी कसोटी सोपी आहे. समोरच्यानं पत्ता सांगताना आवाज खाली आणला, की बडनेरा लागलं.

पहाटेचं बडनेरा स्टेशन मात्र बघण्यासारखं असतं. मुंबईची गाडी येते, बॅगा, पोती, झोपाळू पोरं उतरतात, आणि बाहेर एकच पुकारा सुरू होतो. ‘अमरावती, अमरावती! बसा काकाजी, एकच सीट!’ जगात आणखी कुठल्या स्टेशनबाहेर त्या स्टेशनाचं नाव सोडून दुसऱ्याच गावाचं नाव इतक्या जोरात ओरडतात, मला ठाऊक नाही. त्या गर्दीत माझ्यासारखा एखादा हातात पिशवी घेऊन चालू लागला की ऑटोवाला संशयानं बघतो.

‘कुठी जाचं हाये?’

‘घरी.’

‘घर कुठी हाये?’

‘इथंच, नव्या वस्तीत.’

‘मंग पैदल जा ना बाप्पा! इथं काऊन उभे रायले?’

बडनेऱ्यात घर असण्याचे तोटे अमरावतीकराला कळणं शक्य नाही. आमचं घर हे नातेवाइकांचं प्रतीक्षालय आहे. गाडी तीन तास उशिरा असेल तर पाहुणा स्टेशनवर कशाला थांबेल? तो आमच्या दिवाणावर झोपतो. सकाळच्या गाडीचं तिकीट असलेला मेहुणा आदल्या रात्रीच येतो, पहाटे तीनचा गजर लावतो आणि स्वतः सोडून बाकी सगळ्यांना उठवतो. आमच्याकडे नेहमी कुणाची तरी एखादी बॅग असते. ती कुणाची, हे विचारणं आम्ही सोडलं आहे. दिवाळीला आम्ही तिलाही पुसून घेतो.

याहून बिकट प्रकार म्हणजे न उतरणारे नातेवाईक. मुंबईहून नागपूरला किंवा नागपूरहून मुंबईला जाणाऱ्यांचा फोन येतो. ‘उतरणार नाही रे, गाडी दोनच मिनिटं थांबते, तू फक्त प्लॅटफॉर्मवर ये. आणि येताना ते हे आण.’ ते हे म्हणजे पाच माणसांच्या पोळ्या, झुणका, ठेचा, लोणचं आणि लहानग्यासाठी वरणभात. आमची बायको डबा भरते, मी डब्याचा नंबर शोधत प्लॅटफॉर्मभर धावतो. गाडी येते. आपला डबा अर्थात दुसऱ्या टोकाला. पळत पळत जावं, खिडकीतून एक हात बाहेर येतो, पिशवी घेतो, ‘आजी कशी आहे?’ विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत नागपूरकडे निघून जातो. एकदा मी असा भरलेला डबा चुकीच्या खिडकीत दिला. त्या माणसानं तो नमस्कार करून घेतला आणि गाडी हलताना विचारलं, ‘वर्धेला पण कुणी येणार आहे का?’ वर्षानुवर्षं आमचे स्टीलचे डबे मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर फिरत आहेत. त्यातला एक हावड्याला दिसल्याची खबर आहे.

अकोल्याच्या मंडळींना हे सगळं फार मजेदार वाटतं. अकोला मेन लाइनवर, स्टेशन गावात. कुणाच्या ‘जवळ’ असण्याची गरजच नाही. माझे अकोल्याचे मामेसासरे प्रत्येक भेटीत एकच वाक्य म्हणतात. ‘आमच्या गावात गाडी येते. तुमच्या गावाले गाडीकडे जा लागते.’ यावर अमरावतीकर विभागीय आयुक्तालय काढतो, अकोलेकर कृषी विद्यापीठ काढतो. अमरावतीकर बेलोऱ्याचं विमान काढतो, तेव्हा मात्र मामेसासरे शिवणीच्या धावपट्टीचा विषय टाळून हवेवर घसरतात आणि यंदा उन्हाळा लवकर आला म्हणतात. अकोल्यात हे वाक्य बारा महिने चालतं.

दोन्ही गावांच्या मधे मूर्तिजापूर, आणि मूर्तिजापूरची शकुंतला. एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला, अरुंद रूळ, आणि कामही तेच, कापूस ओढून मुख्य मार्गावर आणायचा. तिचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं. कापूस घेऊन जाणारे शेवटी एक इंजिन तरी परत पाठवतात, हा त्यांचा सज्जनपणा म्हणायचा. ते इंजिन १९९४ पर्यंत वऱ्हाडात राबलं. चालत्या गाडीतून उतरून, शेतात काम आटोपून, पुन्हा त्याच गाडीत चढल्याची गोष्ट सांगणारा माणूस मूर्तिजापुरात प्रत्येक चहाच्या टपरीवर भेटतो, आणि प्रत्येक जण ती स्वतःच्या आजोबांची म्हणून सांगतो. आता तर शकुंतलाही थांबली. उलट रस्ता धावायला लागला. २०२२ च्या जूनमध्ये आमच्या अलीकडच्या लोणीपासून मान्यापर्यंत पंचाहत्तर किलोमीटर डांबरी पट्टा सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात नाव गेलं. पट्टा पडत असताना लोक रात्री डबे घेऊन बघायला जात होते. आमच्या गल्लीतल्या रस्त्याचाही विक्रम चालू आहे, पण तो तासांत मोजत नाहीत, पंचांगात बघतात.

अशा या अकोल्याशी गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजाऱ्यांनी सोयरीक जुळवली. मुलगी बडनेऱ्याची, मुलगा अकोल्याचा. बायोडाटात मुलीच्या बापानं पत्ता ‘अमरावती’ लिहिला होता, तिथवर ठीक होतं, तसं सगळेच लिहितात. पण लग्नाच्या पत्रिकेतही त्यांनी प्रतिष्ठेपायी मंगल कार्यालयाच्या नावाखाली ठळक अक्षरांत ‘अमरावती’ एवढंच छापलं. कार्यालय नव्या वस्तीत, स्टेशनवरून हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ.

अकोल्याचं वऱ्हाड सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरलं. मंडळी शिकलेली, पत्रिका हातात. बाहेर ऑटोवाले ओरडतच होते, ‘अमरावती, अमरावती!’ पंचेचाळीस माणसं, नवरदेव, फेट्यांचं गाठोडं आणि आहेराच्या पेट्या घेऊन सगळे ऑटोंत बसले आणि कार्यालयाच्या दारावरूनच पुढे गेले. नवरीचा भाऊ तेव्हा गेटपाशी कमानीला फुलं लावत होता. पुढून जाणाऱ्या फेट्यांकडे बघून तो म्हणाला, ‘आज लयच लग्नं दिसते अमरावतीत.’

राजापेठेत चौकशी झाली, राजकमलला झाली, पार शेगाव नाक्यापर्यंत झाली. एका भल्या पानवाल्यानं त्यांना त्याच नावाच्या दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. तिथे बारसं चालू होतं आणि नाश्ताही बरा होता, त्यामुळे आणखी अर्धा तास गेला. मुहूर्त टळता टळता ऑटोंची रांग परत बडनेऱ्यात शिरली. मुलीचा बाप हात जोडून दारात उभा. त्याला वाटलं आता नवरदेवाचे मामा पेटणार. मामा घाम पुसत उतरले, त्यांनी आधी स्टेशनकडे बघितलं, मग कार्यालयाकडे, मग हातातल्या पत्रिकेकडे.

‘राजेहो,’ ते म्हणाले, ‘तुमच्या गावातून गाडी अमरावतीले जात नाही सरळ, हे मालूम होतं. पन तुमची पत्रिका तं आधीच जाऊन बसली ना बाप्पा तिथी!’

बँडवाले तेवढे वेळेवर हजर होते. त्यांना कुणी पत्रिका दिलीच नव्हती.